साहित्य आढाव्याची पद्धत कशी ठरली: एका लघुप्रबंधाचा प्रकरण अभ्यास

शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधाच्या प्रस्तावात लिहिले होते की, माध्यमिक शाळेतील मुलांनी एकमेकांच्या लेखनावर दिलेल्या अभिप्रायामुळे त्यांचे लेखन सुधारते का, याविषयीच्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेतला जाईल आणि त्यानंतर दोन वर्गांवर एक छोटा प्रयोग केला जाईल. आढाव्यासाठी वेळापत्रकात चार महिने होते आणि काम तिला एकटीलाच करायचे होते. मार्गदर्शकांनी प्रयोगाचा आराखडा जवळजवळ जसाच्या तसा मान्य केला. आढाव्याच्या परिच्छेदावर मात्र ही पद्धत का निवडली ते लिहावे, असा शेरा मारून प्रस्ताव परत केला. हे प्रकरण अध्यापनासाठी रचलेले आहे. विद्यार्थिनी आणि मार्गदर्शक कल्पित आहेत. त्यांच्यापुढे आलेले अभ्यास, नियम आणि संशोधनातील आकडे मात्र खरे आहेत.

तिने पहिल्यांदा दिलेले कारण बहुतेक विद्यार्थी देतात तेच होते: पद्धतशीर आढावा, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, हा सर्वांत विश्वासार्ह प्रकार मानला जातो. ही समजूत निराधार नाही, पण तिचे मूळ वैद्यकात आहे. अमुक उपचाराने रुग्णाला फायदा होतो का, या प्रश्नावर विखुरलेल्या चाचण्या एकत्र करून उत्तर काढण्याची गरज ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७०च्या दशकात ठामपणे मांडली. त्यांच्या नावाची संस्था १९९३ मध्ये उभी राहिली, आणि शिक्षण, गुन्हेगारी, समाजकल्याण अशा विषयांसाठी तशाच धर्तीवर २०००च्या सुमारास कॅम्पबेल कोलॅबोरेशनचे काम सुरू झाले. या परंपरेत प्रश्न अतिशय अरुंद असतो, शोध शक्य तितका सर्वंकष असतो, प्रत्येक अभ्यास निवडण्याचे निकष आधी जाहीर केलेले असतात आणि निवडलेल्या अभ्यासाच्या गुणवत्तेची तपासणी टाळता येत नाही. प्रश्न त्या घडणीचा असेल तर या पद्धतीला तोड नाही. प्रत्येक प्रश्न त्या घडणीचा असतोच, हे मात्र गृहीत धरता येत नाही. ट्रिश ग्रीनहाल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये वैद्यकाच्याच क्षेत्रातून पद्धतशीर आढाव्याला सर्वांत वर ठेवणारी ही उतरंड खोटी असल्याचे म्हटले होते.

मग तिने आढाव्यांच्या प्रकारांची यादी शोधली. मारिया ग्रँट आणि अँड्र्यू बूथ यांनी २००९ मध्ये केलेले वर्गीकरण यासाठी सर्रास वापरले जाते आणि त्यात चौदा प्रकार आहेत. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या हाती ही यादी फार लवकर पडते. कोणत्या नावाने लोक काय ओळखतात हे कळायला ती उत्तम आहे, पण तिच्यावरून निवड करायला बसले की काम अडते, कारण अनेक प्रकारांच्या सीमा एकमेकांत मिसळलेल्या आहेत आणि प्रत्येक व्याख्या वाचताना आपला प्रकल्प तिच्यात बसेल असेच वाटत राहते. चौदा प्रकारांची तुलना करणारा मोठा तक्ता घेऊन ती दुसऱ्या भेटीला गेली, तेव्हा मार्गदर्शकांनी तक्ता बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, “आढाव्याचे प्रकरण संपताना शेवटच्या परिच्छेदात तुला नेमके कोणते विधान करायचे आहे?”

या प्रश्नाची तीन संभाव्य उत्तरे तिने लिहून काढली. पहिले असे: सहाध्यायींच्या अभिप्रायाने लेखन सुधारते, आणि सुधारणेचे सरासरी प्रमाण इतके आहे. दुसरे असे: माध्यमिक शाळांत हा उपक्रम अमुक अमुक प्रकारे राबवला गेला आहे, मुलांना अभिप्राय द्यायला अशा अशा रीतीने शिकवले गेले आहे, आणि अमुक गोष्टीकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. तिसरे असे: अभिप्राय या संकल्पनेकडे पाहण्याच्या दृष्टी या आहेत, त्यांच्यात मतभेद इथे आहेत, आणि माझा प्रयोग यांपैकी या दृष्टीवर उभा आहे. पहिल्या विधानासाठी पद्धतशीर आढावा आणि शक्य असल्यास अनेक अभ्यासांचे आकडे संख्याशास्त्राने एकत्र करणारे मेटा-अ‍ॅनालिसिस लागते. दुसऱ्यासाठी क्षेत्राची व्याप्ती दाखवणारा स्कोपिंग आढावा लागतो. तिसरे विधान कथनात्मक किंवा चिकित्सक आढाव्याचे आहे. तिथे पन्नास लेखांची मोजदाद करण्यापेक्षा दहा लेखांतील युक्तिवाद नीट उलगडणे जास्त उपयोगाचे असते. पद्धतीची नावे न घेता केवळ विधान ठरवल्याने निवडीचे क्षेत्र चौदावरून तीनवर आले.

आधीचे आढावे सापडल्यावर

पहिल्या विधानाचा निकाल लावण्यासाठी मार्गदर्शकांनी तिला एकच काम दिले: हे विधान आधी कोणी केले आहे का ते पाहा. ही पायरी विद्यार्थी हमखास गाळतात. त्यांना वाटते की आपल्या विषयावर आधीच आढावा सापडला तर आपला प्रकल्प निकामी होईल. प्रत्यक्षात पद्धत ठरवताना सर्वांत जास्त मदत याच शोधाची होते, आणि या प्रकरणातही तसेच झाले.

विद्यापीठ स्तरावरील परस्पर-मूल्यमापनाचा कीथ टॉपिंग यांचा विस्तृत आढावा १९९८चा आहे; तो तिच्या वयोगटाबाहेरचा होता, पण संज्ञांची गल्लत सोडवायला त्याचा उपयोग झाला. त्यानंतर तिला स्टीव्ह ग्रॅहम, मायकल हेबर्ट आणि कॅरन हॅरिस यांचे २०१५चे मेटा-अ‍ॅनालिसिस मिळाले. त्यात पहिली ते आठवीच्या मुलांच्या लेखनावर निरनिराळ्या स्रोतांकडून मिळालेल्या अभिप्रायाचा परिणाम वेगवेगळा मोजला होता, आणि सहाध्यायींच्या अभिप्रायाचा परिणाम-आकार (दोन गटांतील फरक किती मोठा आहे हे सांगणारा आकडा) ०.५८ होता, मोठ्यांच्या अभिप्रायाचा ०.८७. पुढे २०२० मध्ये डबल, मॅकग्रेन आणि हॉपफेनबेक यांनी ५४ नियंत्रित अभ्यास एकत्र करून परस्पर-मूल्यमापनाचा शैक्षणिक कामगिरीवरील परिणाम ०.३१ असल्याचे दाखवले. हे आकडे एकमेकांसमोर ठेवून ‘संशोधनात एकवाक्यता नाही’ असे लिहिण्याचा मोह तिला झाला होता. तो वेळीच आवरला गेला, कारण एका अभ्यासात फक्त लेखन आहे आणि दुसऱ्यात सर्व विषयांची कामगिरी, एकात शाळकरी मुले आहेत आणि दुसऱ्यात शाळेपासून विद्यापीठापर्यंतचे सगळे विद्यार्थी. अशा आकड्यांतील फरक हा मतभेद ठरत नाही.

म्हणजे ‘सुधारते का’ या प्रश्नाला बऱ्यापैकी उत्तर मिळालेले होते. चार महिन्यांत एका व्यक्तीने तोच प्रश्न पुन्हा विचारून त्या उत्तरात भर पडण्याची शक्यता फारच कमी होती. उलट तिच्या प्रयोगाला ज्या माहितीची खरी गरज होती, ती या आकड्यांतून मिळत नव्हती. मुलांना अभिप्राय देण्याचे प्रशिक्षण किती तासांचे द्यायचे, हातात निकषांची तपासयादी द्यायची की नमुना-उत्तरे, अभिप्राय लेखी घ्यायचा की तोंडी, नाव उघड ठेवायचे की लपवायचे, हे प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी ठरवावे लागणार होते. प्रस्तावातला प्रश्न त्यानुसार बदलला: माध्यमिक शाळेतील लेखनवर्गांत सहाध्यायींचा अभिप्राय कसा राबवला गेला आहे आणि त्यासाठी मुलांना कसे तयार केले गेले आहे? हा प्रश्न सरळसरळ दुसऱ्या विधानाकडे नेणारा आहे. झॅकरी मुन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पद्धतशीर की स्कोपिंग, या निवडीबाबत केलेले मार्गदर्शनही याच रेषेवर आहे: एखाद्या उपायाची परिणामकारकता तपासायची असेल तर पद्धतशीर आढावा घ्यावा, आणि क्षेत्रात कोणत्या प्रकारचे पुरावे आहेत, संकल्पना कशा वापरल्या गेल्या आहेत, उणिवा कुठे आहेत हे पाहायचे असेल तर स्कोपिंग.

वेळेचा प्रश्न

पद्धत प्रश्नावरून ठरते हे खरे असले तरी ती पेलते की नाही हे वेळ आणि माणसे ठरवतात, आणि विद्यार्थी-प्रकल्पात ही बाजू संकोचाने झाकून ठेवली जाते. बोराह आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नियोजित पद्धतशीर आढाव्यांची आगाऊ नोंद ठेवणाऱ्या प्रॉस्पेरो या नोंदवहीतील १९५ आढाव्यांचा अभ्यास केला, तेव्हा नोंदणीपासून प्रकाशनापर्यंत सरासरी ६७.३ आठवडे लागल्याचे आणि सरासरी पाच लेखक असल्याचे दिसले. यात प्रकाशनाच्या प्रक्रियेचाही वेळ धरलेला आहे आणि ते आढावे आरोग्यक्षेत्रातले आहेत, त्यामुळे ही तुलना लघुप्रबंधाला जशीच्या तशी लागू होत नाही; तरीही सोळा आठवडे आणि एक व्यक्ती हे प्रमाण किती व्यस्त आहे, हे त्यावरून समजते.

मार्गदर्शकांनी तिला याहून साधा हिशेब करायला लावला. एक शीर्षक आणि सारांश वाचून निर्णय घ्यायला दोन मिनिटे धरली, तर हजार नोंदींना सुमारे ३३ तास लागतात. पूर्ण लेख वाचून त्यातील माहिती तक्त्यात भरायला दीड तास धरला, तर चाळीस लेखांना साठ तास. आठवड्याला दहा-बारा तास मिळणाऱ्या विद्यार्थ्याला हे जमण्यासारखे आहे. यावर प्रत्येक अभ्यासाची गुणवत्ता-तपासणी, दोन व्यक्तींनी स्वतंत्र केलेली निवड आणि संख्याशास्त्रीय संश्लेषण यांची भर पडली, तर ते जमण्यासारखे राहत नाही.

रॅपिड रिव्ह्यूचा पर्याय चर्चेत आला आणि लगेच बाजूला पडला. नावामुळे तो विद्यार्थ्यांना सोयीचा वाटतो. वास्तविक तो धोरण ठरवणाऱ्यांना ठरावीक मुदतीत उत्तर देण्यासाठी पद्धतशीर आढाव्याच्या काही पायऱ्या जाहीरपणे आखडून केलेला आढावा असतो. तिच्या प्रश्नाची घडण त्यालाही जुळत नव्हती.

शोधसूत्र कसे घडले

स्कोपिंग आढाव्याचा पायाभूत आराखडा हिलरी आर्क्सी आणि लिसा ओमॅली यांनी २००५ मध्ये दिला: प्रश्न ठरवणे, संबंधित अभ्यास शोधणे, त्यांतून निवड करणे, माहितीची नोंद करणे, आणि निष्कर्ष एकत्र मांडणे; तज्ज्ञांशी किंवा संबंधितांशी विचारविनिमय ही सहावी पायरी ऐच्छिक आहे. या पायऱ्या वाचायला सोप्या आहेत आणि त्यांतील दुसरी करायला सर्वांत अवघड.

तिने प्रश्नाचे तीन भाग पाडले: लोकसमूह म्हणजे माध्यमिक शाळेतील विद्यार्थी, संकल्पना म्हणजे सहाध्यायींचा अभिप्राय, आणि संदर्भ म्हणजे वर्गातील लेखन. प्रत्येक भागासाठी समानार्थी शब्द गोळा करताना पहिली अडचण आली ती ‘पीअर रिव्ह्यू’ या शब्दापाशी. लेखनवर्गात मुलांनी एकमेकांचे लेखन तपासणे याला इंग्रजीत हाच शब्द वापरतात आणि नियतकालिकांत लेखांची छाननी होते तिलाही हाच. तो शब्द शोधसूत्रात, म्हणजे डेटाबेसमध्ये टाकायच्या शब्दांच्या जोडणीत, मोकळा सोडला की मुलांशी काडीचा संबंध नसलेले लेख शेकड्यांनी येतात. काढून टाकला की काही महत्त्वाचे लेख हातचे जातात. हा पेच तिने दोन प्रकारे सोडवला. तो शब्द शीर्षक आणि सारांशापुरता मर्यादित केला आणि ‘लेखन’ व ‘विद्यार्थी’ या अर्थाच्या शब्दांशी जोडूनच शोधला. त्याशिवाय शिक्षणक्षेत्राच्या एरिक या डेटाबेसमध्ये लेखांना जी नियंत्रित विषयनामे दिलेली असतात, त्यांतील ‘पीअर इव्हॅल्युएशन’ हे विषयनाम सूत्रात घेतले. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, सूची करणाऱ्याने तो लेख त्या विषयाखाली ठेवलेला असला तर तो सापडतो. विद्यार्थी सहसा विषयनामांकडे फिरकत नाहीत. ग्रंथपालाबरोबर एक तास बसले तर ही गोष्ट कायमची समजते, आणि तो तास आढाव्याच्या पहिल्याच आठवड्यात घालवावा असे माझे आग्रहाचे मत आहे.

सूत्र पुरेसे आहे की नाही हे तपासण्यासाठी तिने आधीच माहीत असलेले, निकषांत नक्की बसणारे काही लेख बाजूला काढले आणि सूत्राच्या निकालांत ते येतात का ते पाहिले. त्यांपैकी जो लेख आला नाही, त्याचे शीर्षक, सारांश आणि विषयनामे पाहून कोणता शब्द सुटला होता ते शोधले. हे दोनतीनदा करून सूत्र स्थिरावले, आणि मग ते तारखेसह जसेच्या तसे जतन केले.

एरिक आणि अनेक विषयांतील संशोधनलेखांची नोंद ठेवणारा स्कोपस हा डेटाबेस, हे दोन मुख्य स्रोत ठरले. गूगल स्कॉलर तिला मुख्य स्रोत म्हणून वापरायचे होते, आणि नवख्या संशोधकाला ते स्वाभाविकच वाटते. परंतु ते एका शोधासाठी जास्तीत जास्त हजार निकाल दाखवते, त्यांचा क्रम कसा लागतो हे उघड नसते, आणि तोच शोध काही आठवड्यांनी तसाच पुन्हा करता येईल याची खात्री नसते. म्हणून त्याचा वापर एका कामापुरता ठेवला: निवडलेल्या लेखांचा पुढे कोणी संदर्भ घेतला आहे ते पाहणे. त्याच्या जोडीला निवडलेल्या लेखांच्या संदर्भसूचीतून मागे जाणेही होतेच.

दुसरे डोळे

लेखांची निवड एकाच व्यक्तीने करणे ही विद्यार्थी-प्रकल्पातील सर्वांत मोठी त्रुटी आहे आणि तिच्यावर पूर्ण उपाय नाही. गार्टलेनर आणि सहकाऱ्यांच्या २०२०च्या प्रयोगात सारांशांची निवड एकाच वाचकाने केली तेव्हा संबंधित अभ्यासांपैकी सुमारे १३ टक्के सुटले, आणि दोघांनी केली तेव्हा सुमारे ३ टक्के. एखादा परिणाम मोजायचा असेल तर १३ टक्के ही गंभीर गळती आहे, कारण सुटलेले अभ्यास सरासरी हलवू शकतात. क्षेत्राचा नकाशा काढायचा असेल तर हानी कमी असते, कारण एकाच प्रकारचे काही अभ्यास सुटले तरी तो प्रकार नकाशावर राहतो. दुसरे विधान निवडल्याचा हा एक फायदा आधी कोणाच्या लक्षात आला नव्हता.

तरीही तिने एका वर्गमित्राशी अदलाबदल ठरवली. त्याने तिच्या नोंदींचा दहावा हिस्सा स्वतंत्रपणे तपासायचा आणि तिने त्याच्या. मतभेद झाले ते बहुधा ‘माध्यमिक’ म्हणजे कोणत्या इयत्ता आणि ‘लेखन’ यात प्रयोगवहीचा अहवाल धरायचा की नाही, या दोन मुद्द्यांवर. दोन्ही ठिकाणी निकषच मोघम लिहिलेले होते. ते दुरुस्त करून उरलेली निवड तिने एकटीने पूर्ण केली, आणि हे असेच केले आहे असे पद्धतीच्या भागात लिहिले.

नोंदतक्त्यात तिने देश, इयत्ता, लेखनाची भाषा मुलांची पहिली की दुसरी, प्रशिक्षणाचा कालावधी व स्वरूप, दिलेले साधन, अभिप्रायाचे माध्यम, नाव उघड की गुप्त, तुलनेसाठी दुसरा गट होता का आणि लेखनाला गुण कोणी दिले, असे रकाने ठेवले. शेवटचे दोन रकाने मार्गदर्शकांच्या आग्रहामुळे आले. स्कोपिंग आढाव्यात गुणवत्ता-तपासणी सक्तीची नसते, आणि त्यावरून दोघांत थोडा वाद झाला. तिचे म्हणणे होते की पद्धतीत नसलेली पायरी का घालावी. त्यांचे म्हणणे होते की शिक्षकाने स्वतःच राबवून स्वतःच गुण दिलेल्या उपक्रमाचे यश आणि तटस्थ परीक्षकांनी तपासलेले यश एकाच ओळीत लिहिणे बरोबर नाही. संपूर्ण तपासणी न करता केवळ ही माहिती नोंदवणे, ही तडजोड मला योग्य वाटते. वाचकाला वजन ठरवता येते आणि कामही आवाक्यात राहते.

प्रशिक्षणाच्या कालावधीच्या रकान्यात मात्र अनेक ठिकाणी काहीच भरता आले नाही, कारण लेखांत ‘विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिले’ याच्या पुढे तपशील नव्हता. प्रयोगात नेमके काय केले ते पुरेसे न लिहिण्याची ही खोड वैद्यकातही इतकी पसरलेली होती की २०१४ मध्ये टायडिअर नावाची बारा मुद्द्यांची तपासयादी खास त्यासाठी तयार करावी लागली. रिकाम्या जागा पाहून ती निराश झाली होती. पण ‘कशाकडे फारसे कोणी पाहिलेले नाही’ हे विधान याच रिकाम्या जागांतून तयार होत होते, आणि तिच्या प्रयोगाचा आराखडाही त्यामुळे बदलला: दोन्ही वर्गांत अभिप्राय ठेवायचा, आणि प्रशिक्षणाच्या कालावधीत फरक करायचा.

नाव काय द्यायचे

तिसऱ्या विधानाचे काय, हा प्रश्न लिहायला बसल्यावर आला. अभिप्राय म्हणजे काय याची चर्चा केल्याशिवाय नकाशाला अर्थ नव्हता. रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये मांडले होते की विद्यार्थ्याला अपेक्षित दर्जा कळला पाहिजे, आपले काम त्याच्याशी ताडून पाहता आले पाहिजे, आणि दोहोंतील अंतर कमी करण्यासाठी कृती करता आली पाहिजे. दुसऱ्याचे लेखन तपासताना अभिप्राय देणारा मुलगाही यातील पहिल्या दोन गोष्टी शिकतो, हा तिच्या प्रयोगाचा गाभा होता, आणि तो कोणत्याही तक्त्यातून निघणारा नव्हता. म्हणून प्रकरणाचे दोन भाग झाले. पहिल्यात मोजक्या लेखांवर आधारलेला कथनात्मक आढावा आला, आणि त्यातील लेख सूत्राने सापडलेले नसून विचारपूर्वक निवडलेले आहेत असे सुरुवातीलाच सांगितले. दुसऱ्यात स्कोपिंग आढावा आला. एकाच प्रकरणात दोन पद्धती चालतात का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात; कोणता भाग कोणत्या पद्धतीने केला हे वाचकाला स्पष्ट दिसत असेल तर चालतात.

स्कोपिंग आढाव्याच्या अहवालासाठी २०१८ची प्रिस्मा-एससीआर ही तपासयादी आहे. तिच्यात वीस आवश्यक आणि दोन ऐच्छिक मुद्दे आहेत. तिने ती परिशिष्टात जोडली, आणि जे मुद्दे पूर्ण झाले नव्हते त्यांच्यापुढे तसे लिहिले. प्रॉस्पेरो स्कोपिंग आढाव्यांची नोंदणी करत नाही, त्यामुळे निवडीचे निकष आणि शोधसूत्र तिने शोधाआधीच ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधनाची कागदपत्रे खुली ठेवण्याच्या संकेतस्थळावर तारखेसह ठेवले होते. पद्धतशीर आढावा हा शब्द प्रबंधातून पूर्णपणे निघाला. शोध पद्धतशीर होता, असे मात्र तिने लिहिले, आणि ते खरे होते.

प्रयोग आणि लेखन यांत पुढचे काही महिने गेले, तेवढ्या काळात नवे लेख प्रसिद्ध झाले असणार होते. प्रबंध सादर करण्याआधीच्या महिन्यात जतन केलेली सूत्रे त्याच डेटाबेसांत, पहिल्या शोधाच्या तारखेनंतरच्या नोंदींपुरती, पुन्हा चालवायची असे आधीच ठरले होते. निकषांत बसणारे नवे लेख तक्त्यात समाविष्ट करायचे नाहीत, कारण मग सर्व मांडणी पुन्हा करावी लागते. त्यांची वेगळी छोटी सारणी करून ते आधीच्या नकाशात कुठे बसतात ते एका परिच्छेदात सांगायचे. फक्त एखाद्या लेखाने प्रशिक्षणाच्या कालावधीचा थेट अभ्यास केलेला असेल, तर त्याची चर्चा निष्कर्षांच्या प्रकरणात करायची, असा अपवाद मार्गदर्शकांनी शेवटच्या भेटीत जोडला.